पंतय पिलात : हुद्दा आणि जबाबदारी

जगभरातील अनेक ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत दर रविवारी श्रद्धेच्या अंगीकाराचे पठण होते. त्यात येशू आणि त्याची माता मरिया यांच्याखेरीज आणखी एकाच माणसाचे नाव घेतले जाते. हे नाव कुणा संताचे किंवा प्रेषिताचे नाही. ते एका रोमन अधिकाऱ्याचे आहे. पाँटियस पिलात, म्हणजेच मराठी बायबलच्या वाचकांना परिचित असलेला पंतय पिलात, याच्याच आज्ञेने येशूला क्रुसावर चढवण्यात आले. सुमारे दोन हजार वर्षे ज्याचे नाव अखंडपणे उच्चारले जात आहे, त्या माणसाचा हुद्दा मात्र कित्येक शतके चुकीचा सांगितला जात होता. ही चूक दुरुस्त केली ती १९६१ साली सापडलेल्या एका फुटक्या दगडाने.

पिलाताचे घराणे रोममधील अतिश्रेष्ठ घराण्यांपैकी नव्हते. पाँटियस हे कुलनाम इटलीतील सॅम्नाइट लोकांत आढळते. समाजात सर्वांत वरचे स्थान सिनेटच्या सदस्यांचे आणि त्याखालचे अश्वारोही वर्गाचे, अशी रोमची रचना होती. चार लाख सेस्टर्स इतकी मालमत्ता ही या दुसऱ्या वर्गात प्रवेशाची अट होती आणि पिलात याच वर्गातला होता. त्याच्या हुद्द्याचे रहस्य या सामाजिक स्थानातच दडलेले आहे.

ऑगस्टसने साम्राज्याची घडी बसवली तेव्हा मोठ्या आणि जुन्या प्रांतांवर सिनेटचे ज्येष्ठ सदस्य प्रोकॉन्सल म्हणून जात. सरहद्दीवरच्या, सैन्यबळ असलेल्या प्रांतांवर सम्राटाचे प्रतिनिधी म्हणून लिगेट नेमले जात. तेही सिनेटचेच सदस्य असत. मात्र काही प्रदेश सम्राटाला या बड्या लोकांच्या हाती द्यायचे नव्हते. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त जिंकल्यावर ऑगस्टसने तेथे अश्वारोही वर्गातला अधिकारी नेमला आणि सिनेटच्या सदस्यांना परवानगीवाचून त्या देशात पाऊल ठेवण्यासही मनाई केली. या अधिकाऱ्याला प्रीफेक्ट म्हणत. एखाद्या कामावर नेमलेला माणूस, एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ. व्यवहारात तो प्रामुख्याने लष्करी होता. तुकडीचा, घोडदळाचा, आरमाराचा प्रमुख तो प्रीफेक्ट.

जुडियाच्या वाट्याला हाच हुद्दा आला. हेरोद राजाचा मुलगा आर्खेलाऊस याला ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये पदच्युत केले आणि त्याचा मुलूख थेट रोमच्या अमलाखाली आणला. कोपोनियस हा तेथील पहिला प्रीफेक्ट आणि इ.स. २६ मध्ये आलेला पिलात पाचवा. त्याचे मुख्य ठाणे समुद्रकाठच्या सीझरिया नगरीत होते. सणावारी गर्दी उसळली की तो सैन्यासह जेरुसलेमला जाई. त्याच्या हाताखाली रोमन नागरिकांची पलटण नव्हती. स्थानिक भरतीच्या, सुमारे ३,००० सैनिकांच्या साहाय्यक तुकड्या तेवढ्या होत्या. मोठ्या पलटणी उत्तरेला सिरियाच्या लिगेटकडे होत्या आणि प्रसंगी तो लिगेट प्रीफेक्टच्या कारभारात हस्तक्षेप करू शकत असे. पद दुय्यम असले तरी मृत्युदंड देण्याचा अधिकार मात्र प्रीफेक्टकडे पूर्णपणे होता.

या अधिकाराचा वापर पिलाताने कसा केला, हे ज्यू इतिहासकार जोसेफस आणि अलेक्झांड्रियाचा तत्त्ववेत्ता फिलो यांच्या लेखनातून कळते. कारकिर्दीच्या आरंभीच त्याने सम्राटाच्या प्रतिमा असलेली सैन्याची निशाणे रात्रीच्या वेळी जेरुसलेममध्ये नेली. मूर्ती निषिद्ध मानणाऱ्या ज्यू समाजाला हा अपमान सहन झाला नाही. लोकांचे लोंढे सीझरियाला गेले आणि पाच दिवस तेथे ठाण मांडून बसले. सहाव्या दिवशी पिलाताने त्यांना सैनिकांकडून घेरले व ठार मारण्याची धमकी दिली. लोकांनी जमिनीवर पडून माना पुढे केल्या. इतक्या निःशस्त्र माणसांची कत्तल करण्याचे धाडस त्याला झाले नाही आणि निशाणे परत आली.

पुढच्या प्रसंगी त्याने माघार घेतली नाही. जेरुसलेमला पाणी आणणाऱ्या कालव्यासाठी त्याने मंदिराच्या खजिन्यातील पैसा वापरला. निषेधाला जमलेल्या गर्दीत त्याने साध्या वेशातले सैनिक पेरून ठेवले होते आणि त्यांच्या कपड्यांत दंडुके लपवलेले होते. इशारा होताच मारहाण सुरू झाली. कित्येक जण दंडुक्यांखाली आणि कित्येक चेंगराचेंगरीत मेले. जेरुसलेममधील राजवाड्यात त्याने सम्राटाच्या नावाच्या सोनेरी ढाली लावल्या, तेव्हा तक्रार थेट रोमला गेली आणि टायबेरियसने त्या सीझरियाला हलवण्याचा हुकूम दिला.

तरीही पिलात दहा वर्षे पदावर राहिला. टायबेरियस आपले अधिकारी सहसा बदलत नसे. त्याच्या २२ वर्षांच्या कारकिर्दीत जुडियात वालेरियस ग्राटस आणि पिलात असे दोनच अधिकारी त्याने पाठवले. याचे कारण म्हणून जोसेफसने सम्राटाच्या तोंडचा एक दृष्टान्त दिला आहे. जखमेवर बसून पोट भरलेल्या माश्या हाकलल्या, तर त्यांच्या जागी भुकेल्या माश्या येतात आणि जखमी माणसाचे हाल वाढतात. अधिकाऱ्यांविषयी खुद्द सम्राटाचेच हे मत असेल, तर प्रजेचे काय असेल, याची कल्पना करता येते.

इ.स. ३० किंवा ३३ च्या सुमारास, वल्हांडण सणाच्या वेळी, येशूचा खटला याच पिलातासमोर आला. शुभवर्तमानांतील पिलात मात्र वेगळा आहे. तो कचरतो, आरोपीला सोडण्याची वाट शोधतो आणि अखेर गर्दीपुढे झुकतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर तो पाणी मागवून हात धुतो. जोसेफस व फिलो यांनी रंगवलेला कठोर अधिकारी आणि हा दुबळा न्यायाधीश यांचा मेळ घालणे अभ्यासकांना आजही सोपे गेलेले नाही.

पिलाताचा शेवट इ.स. ३६ मध्ये जवळ आला. मोशेने पुरलेली पवित्र भांडी दाखवतो, असे सांगणाऱ्या एका माणसामागे शोमरोनी लोक गेरिझिम पर्वताकडे निघाले. त्यांच्याकडे शस्त्रे होती. पिलाताने घोडदळ व पायदळ पाठवून त्यांना वाटेतच कापून काढले आणि पकडलेल्या पुढाऱ्यांना देहान्त शासन केले. शोमरोनी समाजाने सिरियाचा लिगेट व्हिटेलियस याच्याकडे दाद मागितली. त्याने पिलाताला पदावरून दूर करून, सम्राटापुढे जाब देण्यासाठी रोमला रवाना केले. तो पोहोचण्याआधीच मार्च ३७ मध्ये टायबेरियसचा मृत्यू झाला. पिलाताचा विश्वसनीय इतिहास येथेच संपतो. पुढे उरतात त्या दंतकथा. एकीत तो आत्महत्या करतो, तर इथिओपियाच्या चर्चने त्याला संतांच्या मालिकेत बसवले.

त्याच्या हुद्द्याचा प्रवास मात्र पुढे चालू राहिला. इ.स. ४४ मध्ये राजा अग्रिप्पा मरण पावल्यावर सम्राट क्लॉडियसने जुडियात पुन्हा रोमन अधिकारी नेमला, पण आता त्याला प्रोक्युरेटर म्हणू लागले. प्रोक्युरेटर म्हणजे मुखत्यार, मालकाच्या वतीने इस्टेट व हिशेब पाहणारा माणूस. सम्राटाचे खासगी कारभारी याच नावाने ओळखले जात. लष्करी नाव जाऊन त्या जागी सम्राटाच्या घरगुती कारभारातले नाव आले. प्रांत जणू सम्राटाची खासगी जहागीर झाला. इ.स. ६६ मध्ये गेसियस फ्लोरस या प्रोक्युरेटरने मंदिराच्या खजिन्यातून १७ टॅलंट उचलले आणि त्यातून भडकलेल्या बंडाची अखेर जेरुसलेमच्या विध्वंसाने झाली. त्यानंतर जुडियात कायमची पलटण आणि सिनेटच्या दर्जाचा लिगेट आला.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी टॅसिटसने आपला इतिहास लिहिला, तेव्हा अश्वारोही प्रांताधिकाऱ्याला प्रोक्युरेटर म्हणण्याचा प्रघात रूढ झाला होता. त्याने पिलातालाही तेच नाव दिले. मूळ ग्रीक शुभवर्तमानांत पिलातासाठी अधिपती या अर्थाचा सर्वसाधारण शब्द आहे. लॅटिन बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात मात्र त्याच्या कारभारासाठी प्रोक्युरेटर याच धातूचे रूप आले. पुढची सारी ग्रंथपरंपरा त्याच वाटेने गेली.

१९६१ साली अँतोनियो फ्रोवा यांच्या नेतृत्वाखालील इटालियन पथक सीझरियाच्या रोमन नाट्यगृहात उत्खनन करत होते. तेथे पायरीसाठी पुन्हा वापरलेला एक चुनखडीचा दगड मिळाला. टायबेरियसच्या सन्मानार्थ पिलाताने उभारलेल्या वास्तूचा तो लेख होता. डावीकडचा भाग झिजलेला, हुद्द्याची सुरुवातीची अक्षरे नाहीशी झालेली. पण उरलेली शेवटची अक्षरे प्रीफेक्ट या लॅटिन शब्दाचीच होती. हा दगड आज जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये आहे.

मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतराने पिलाताला सुभेदार म्हटले आहे, आणि या शब्दाचेही भाग्य तसेच बदलते राहिले. मोगल काळात संपूर्ण सुभ्याचा अधिपती असलेला सुभेदार इंग्रजांच्या फौजेत कनिष्ठ अधिकारी होऊन बसला. इकडे प्रीफेक्ट नेपोलियनच्या फ्रान्समध्ये १८०० पासून जिल्ह्यासारख्या विभागाचा प्रमुख झाला, व्हॅटिकनमध्ये खात्याचा मुख्य झाला आणि आपल्या इंग्रजी शाळांत छातीवर बिल्ला लावणारा विद्यार्थी. प्रोक्युरेटरच्या वंशातून फ्रान्स व रशियातील सरकारी वकिलांची पदनामे आली.

हुद्द्याचा हा वाद केवळ पंडितांच्या कुतूहलापुरता नाही. पिलात हतबल होता, खरा दोष ज्यूंचा, या समजुतीने युरोपात शतकानुशतके ज्यू समाजाविरुद्धच्या द्वेषाला खतपाणी मिळाले. येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर सरसकट लादता येणार नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे जाहीर केले ते १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. त्याच्या चारच वर्षे आधी सीझरियाच्या दगडाने पिलाताचा खरा हुद्दा उजेडात आणला होता. क्रुसावर चढवणे ही रोमन शिक्षा होती आणि तिचा हुकूम देणारा सैन्याचा, तुरुंगाचा व मृत्युदंडाचा धनी असलेला प्रीफेक्ट होता. गर्दीचा दबाव त्याच्यावर आला असेल. निर्णय मात्र त्याच्याच अधिकारातला होता, आणि त्याची जबाबदारी हात धुऊन सुटणारी नव्हती.