पृथ्वी कशावर टेकली आहे? भास्कराचार्यांच्या घरातील प्रश्न

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे देशभर ओळखले जाते. मूर्ती जमिनीला न टेकता विराजमान आहे, या श्रद्धेवरून हे नाव रूढ झाले. त्यामुळे ‘अंतरिक्ष’ हा शब्द इथल्या मुलांच्या कानावर शाळेत जाण्याआधीच पडतो. अंतरिक्ष म्हणजे आकाशातली मोकळी जागा, एवढे कळले की मूल पुढचे विचारते. एवढी मोठी पृथ्वी त्या मोकळ्या जागेत कशावर टेकली आहे? ती खाली का पडत नाही? घाईच्या वेळी आलेला असा प्रश्न अनेक घरांत ‘शाळेत विचार’ असे म्हणून बाजूला सारला जातो.

हाच प्रश्न साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील एका विद्वानाने आपल्या ग्रंथात मांडला आणि त्याचे उत्तरही दिले. ते विद्वान म्हणजे भास्कराचार्य.

वडीलच गुरू

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला. ही माहिती त्यांनीच आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडवीड हे आपले गाव असल्याचेही ते सांगतात. हे गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण परिसराशी मात्र या घराण्याचा संबंध शिलालेखामुळे पक्का झाला आहे.

त्यांचे गुरू घरातच होते. वडील महेश्वर हे ज्योतिषी होते आणि गणित व ग्रहांची गती हे विषय आपण त्यांच्याकडूनच शिकलो, असे भास्कराचार्य कृतज्ञतेने नोंदवतात. घरात पिढ्यान्‌पिढ्या विद्येची परंपरा होती. पंचांग, ग्रहणे, पाण्यावर चालणारी घटिकायंत्रे, सावली मोजण्याचा शंकू या गोष्टी त्या घरात रोजच्या कामाच्या होत्या.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इसवी सन ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावतीत अंकगणित आणि भूमिती, बीजगणितात अव्यक्त संख्यांचे गणित, ग्रहगणितात ग्रहांच्या गतीचे गणित आणि गोलाध्यायात त्या गणितामागची कारणे आहेत.

आधी प्रश्न, मग उत्तर

गोलाध्यायाच्या सुरुवातीलाच एक प्रकरण केवळ प्रश्नांचे आहे. पृथ्वीचा आकार कसा आहे, ती कशाच्या आधारावर आहे, ग्रह कसे फिरतात, असे प्रश्न आधी विचारून घेतले आहेत आणि त्यांची उत्तरे पुढच्या प्रकरणांत येतात.

आधाराच्या प्रश्नाला ते असे उत्तर देतात. पृथ्वीला कोणी उचलून धरले आहे असे मानले, तर त्या धरणाऱ्यालाही दुसरा आधार हवा आणि त्या दुसऱ्याला तिसरा. ही साखळी संपतच नाही. शेवटी कोणीतरी स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे मानावेच लागते. मग ती शक्ती पृथ्वीचीच आहे, असे पहिल्या पायरीवरच का मानू नये? पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे आणि आकाशातील जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडल्यासारखी दिसते, असे ते सांगतात. पृथ्वीच्या सगळ्या बाजूंना आकाश सारखेच आहे. मग ती पडणार तरी कुठे?

पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते, हाही मुलांचा नेहमीचा प्रश्न. भास्कराचार्यांचे उत्तर भूमितीचे आहे. मोठ्या वर्तुळाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळ रेषेसारखाच भासतो. पृथ्वी प्रचंड आहे आणि माणूस लहान, त्यामुळे त्याच्या नजरेत मावणारा तुकडा त्याला सपाट वाटतो. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूची माणसे खाली डोके, वर पाय अशी लटकत असतील का? पाण्याकाठी उभ्या माणसाचे प्रतिबिंब जसे उलटे दिसते, तशी ती आपल्या दृष्टीने उलटी असतात. पण आपण जसे इथे निर्धास्त उभे असतो, तशीच ती तिथे असतात, असे ते समजावतात.

यावरून भास्कराचार्यांनी न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला, असे अनेकदा सांगितले जाते. तसे म्हणता येत नाही. ओढ किती, अंतर वाढल्यावर ती किती कमी होते, हाच ओढीचा नियम चंद्राला कसा लागू होतो, हे गणित त्यांच्याकडे नाही. ते न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. भास्कराचार्यांचे मोठेपण प्रश्नाला तर्काने भिडण्यात आहे आणि त्यासाठी त्यांना न्यूटनच्या शेजारी बसवण्याची गरज नाही.

ग्रहण पाहून केलेला तर्क

ग्रहणाबद्दलची त्यांची मांडणी आजही घरी मुलांसोबत पडताळून पाहण्यासारखी आहे. चंद्रग्रहणात अर्धवट झाकलेल्या चंद्राची टोके बोथट दिसतात, सूर्यग्रहणात सूर्याची टोके टोकदार दिसतात. यावरून दोघांना झाकणारी वस्तू एकच नसणार, हे उघड होते. चंद्राला झाकणारी सावली चंद्रापेक्षा बरीच मोठी आहे आणि ती पृथ्वीची आहे. सूर्याला झाकतो तो चंद्र. एक वाटी मोठ्या ताटाने आणि मग तेवढ्याच वाटीने अर्धी झाकून पाहिली की टोकांमधला हा फरक लहान मुलालाही दिसतो. सूर्यग्रहण मात्र ग्रहणाच्या खास चष्म्याशिवाय कधीही पाहू नये. थेट सूर्याकडे पाहिल्याने डोळ्यांच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते आणि ती होत असताना दुखतही नाही.

लीलावती

घराघरांत पोहोचला तो मात्र लीलावती हा भाग. त्यातली गणिते गोष्टीसारखी आहेत. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी सापाचे बीळ आहे आणि २७ हातांवरून साप बिळाकडे येतो आहे. मोर झडप घालतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती अंतरावर गाठ पडेल? उत्तर १२ हात. दुसऱ्या गणितात ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडतो आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकतो. तो कुठे मोडला? इथेही उत्तर १२ हातच येते. काटकोन त्रिकोणाचा एकच नियम दोन्हीकडे लागू पडतो. अंगणात काठी आणि सुतळी घेऊन मुले ही दोन्ही गणिते मांडून पाहू शकतात.

अनेक उदाहरणांत भास्कराचार्य एका मुलीला उद्देशून बोलतात. लीलावती ही त्यांची मुलगी होती, तिच्या लग्नाची घटिका मोती अडकल्याने चुकली आणि तिचे दुःख हलके करण्यासाठी हे पुस्तक लिहिले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात ती नाही.

काठी आणि सावली

गोलाध्यायात यंत्रांचेही प्रकरण आहे. अनेक यंत्रांचे वर्णन करून शेवटी ते बुद्धी हेच खरे यंत्र ठरवतात. साधी काठी हाती असली तरी विचार करणारा माणूस बांबूची उंची आणि त्याचे अंतर मोजू शकतो, असे त्यांचे म्हणणे आहे.

पृथ्वीचा घेर मोजण्याची त्यांची रीतही अशीच साधी आहे. एकमेकांच्या दक्षिणोत्तर असलेली दोन गावे घ्यावीत, त्यांच्या अक्षांशांतील फरक आणि मधले अंतर मोजावे आणि त्रैराशिक मांडावे. शिरपूरच्या कुटुंबाला हे करता येईल. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास १०० सेंमीची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करावी आणि दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा ती मोजावी. शिरपूरला ती सुमारे ३७ सेंमी भरते. दिल्ली शिरपूरच्या जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. तिथे त्याच दिवशी कोणा नातेवाइकाने मोजली तर ती सुमारे ५४ ते ५५ सेंमी येईल. कागदावर दोन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजले की पहिला कोन सुमारे २० अंश आणि दुसरा साडेअठ्ठावीसच्या आसपास मिळतो. नकाशावरचे सरळ अंतर साधारण ९३५ किमी आहे. साडेआठ अंशांना एवढे, तर ३६० अंशांना किती? उत्तर ४० हजार किमीच्या जवळ जाते. चार-दोन हजारांची चूक झाली तर ती कशामुळे झाली, हे शोधणे हाही त्याच खेळाचा भाग.

चुकलेली उत्तरे

भास्कराचार्यांची सगळी उत्तरे बरोबर नव्हती. पृथ्वी स्थिर आहे आणि तारांगण तिच्याभोवती फिरते, असे ते मानत, हालांकि त्यांच्या सहाशे वर्षे आधी आर्यभटांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे मांडले होते. पारा भरलेले चाक एकदा फिरवले की आपोआप फिरत राहील, असे त्यांनी लिहिले. असे चाक चालू शकत नाही, हे आज आपल्याला माहीत आहे. पण त्यांनी स्वतःच्या ग्रंथावर कारणे उलगडणारी टीका लिहिली आणि उपपत्तीशिवाय, म्हणजे कारण दाखवल्याशिवाय, गणिताला विद्वानांत मान नाही असा आग्रह धरला. कारण लिहून ठेवलेले असले की पुढच्या माणसाला चूक सापडते.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी पंचांगकर्त्यांसाठी सोपा ग्रंथ लिहिला. त्याचे नाव ‘करणकुतूहल’. सत्तरीला टेकलेल्या माणसाने पुस्तकाच्या नावात कुतूहल हा शब्द ठेवला.

शिलालेखात नसलेले नाव

मुलगा लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने पाटणहून बोलावून आपल्या पंडितांचे प्रमुख केले. नातू चांगदेव सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून चांगदेवांनी पाटणला मठ काढला आणि १२०७ मध्ये स्थानिक निकुंभ घराण्यातील सोईदेवाने त्याला दान दिले. हे सांगणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेख संस्कृतात आहे, पण दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत आहे. विक्रीच्या मालातला आणि घाण्याच्या तेलातला वाटा शाळेला द्यायचा, हे गावकऱ्यांना कळायला हवे होते.

या शिलालेखात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत घराण्याच्या नऊ पिढ्यांची नावे आहेत. त्यांत एकाही मुलीचे नाव नाही. ज्या घरात मुलीला उद्देशून गणिताचे पुस्तक लिहिले गेले, त्या घरातली कोणती मुलगी गणित शिकली, हे दगडावर कोरले गेले नाही. गावातल्या बहुतेक मुलांनाही ही विद्या बंदच होती. मठ पुढे काळाच्या ओघात नाहीसा झाला. पुस्तके मात्र नकला होत टिकली. बापूदेव शास्त्री यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूरला लीलावती शिकली आणि पुढे गोलाध्यायाच्या इंग्रजी भाषांतराच्या कामात हात घातला.

आज शिरपूरच्या शाळेत मुलगा आणि मुलगी एकाच बाकावर बसून तोच प्रश्न विचारू शकतात. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे, प्रश्न वहीत तारखेसह लिहून ठेवावा आणि रविवारी काठी, वाटी किंवा चेंडू घेऊन सगळ्यांनी मिळून शोधायला बसावे. वहीत प्रश्नापुढे विचारणाऱ्याचे नाव लिहावे, मुलीचेही.