गॅलिलिओची तुळई

गॅलिलिओ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दोनच चित्रे उभी राहतात. एक, दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्या संशोधकाचे. दुसरे, रोममध्ये धर्मन्यायालयापुढे गुडघे टेकून आपले मत मागे घेणाऱ्या वृद्धाचे. या दुसऱ्या चित्रावर पडदा पडतो आणि कथा संपली असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्यानंतर तो साडेआठ वर्षे जगला. आकाशाविषयी बोलण्याची बंदी झालेल्या या माणसाने त्या काळात लाकडाच्या साध्या तुळईकडे पाहिले आणि एका नव्या शास्त्राचा पाया घातला. त्या गॅलिलिओची ओळख कलाशाखेच्या आपणा विद्यार्थ्यांनाही असायला हवी.

त्याचा जन्म 15 फेब्रुवारी 1564 रोजी इटलीतील पिसा येथे झाला. वडील व्हिन्चेन्झो हे संगीतकार. तारांना वजने टांगून त्यांचा ताण आणि स्वर यांचे नाते ते तपासत, आणि जुन्या ग्रंथांतील समजूत कानाला पटली नाही तर तसे स्पष्ट सांगत. मुलाने वैद्य व्हावे ही त्यांची इच्छा. पण मुलाचे मन युक्लिड आणि आर्किमिडीज यांच्यात रमले. 1585 मध्ये पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले. चार वर्षांनी त्याच विद्यापीठात तो गणिताचा अध्यापक झाला!

1592 मध्ये तो पादुआला गेला आणि तेथे अठरा वर्षे राहिला. शेजारी व्हेनिस आणि तेथील जहाजांचा प्रचंड कारखाना. 1593 मध्ये जहाजाच्या वल्ह्यांविषयी त्याचा सल्लाही घेण्यात आला होता. या कारखान्यातल्या जुन्या कारागिरांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. लहान नौकेचीच मापे वाढवून मोठे जहाज बांधले तर ते स्वतःच्या भारानेच मोडण्याची भीती असते. म्हणून त्याला जास्त टेकू द्यावे लागतात. असे का व्हावे? भूमितीत तर लहान त्रिकोण आणि मोठा त्रिकोण यांचे नियम एकच असतात. मग लाकडाच्या बाबतीत भूमिती खोटी का ठरते? हा प्रश्न गॅलिलिओच्या मनात घर करून राहिला.

मध्यंतरी दुर्बीण आली, 1610 मध्ये गुरूचे चंद्र दिसले, कीर्ती आली आणि कीर्तीमागोमाग वैरही आले. 1632 मध्ये विश्वरचनेवरील त्याचा संवादग्रंथ प्रसिद्ध झाला आणि 22 जून 1633 रोजी त्याला शिक्षा सुनावण्यात आली. त्या वेळी तो 69 वर्षांचा होता. पुढे कारावासाऐवजी त्याला नजरकैद मिळाली. प्रथम काही महिने त्याने सिएनाच्या आर्चबिशपकडे काढले आणि वर्षअखेरीस तो फ्लॉरेन्सजवळील आर्चेत्री येथे आपल्या घरी परतला.

जवळच्याच मठात त्याची थोरली मुलगी मारिया चेलेस्ते संन्यासिनी म्हणून राहत होती. वडिलांना प्रायश्चित्त म्हणून दर आठवड्याला जी स्तोत्रे म्हणायची होती, ती तिने स्वतःच्या शिरावर घेतली. परंतु हे सुख फार टिकले नाही. 2 एप्रिल 1634 रोजी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती निवर्तली. मान गेला, स्वातंत्र्य गेले आणि आता आधारही गेला. अशा अवस्थेत त्याने पादुआच्या काळातील जुनी टिपणे पुन्हा हाती घेतली.

त्यातून जो ग्रंथ तयार झाला त्याचा आरंभ व्हेनिसच्या त्या कारखान्यापासूनच होतो. त्यात एका संगमरवरी खांबाची गोष्ट आहे. खांब आडवा करून दोन टोकांना दोन टेकूंवर ठेवला होता. मध्यभागी तो मोडेल या भीतीने कोणीतरी मधे तिसरा टेकू दिला. काही महिन्यांनी खांब मोडला, आणि तोही नेमका या नव्या टेकूवरच! झाले होते असे की टोकाचा एक टेकू कुजून खचला, मधला मात्र घट्ट राहिला आणि खांबाचा अर्धा भाग अधांतरी लोंबू लागला. दगड तोच, वजन तेच. आधार बदलले तशी आतली ओढाताण बदलली.

ही आतली ओढाताण डोळ्यांना दिसत नाही. मग ती मोजायची कशी? गॅलिलिओने भिंतीत एक टोक पक्के बसवलेली आणि दुसऱ्या टोकाला वजन टांगलेली तुळई घेतली. भिंतीलगतच्या छेदापाशी काय घडत असेल याचा त्याने विचार केला. बाहेरचे वजन तुळई खाली फिरवू पाहते, तरीही ती स्थिर आहे. तेव्हा त्या छेदातील लाकूड तेवढ्याच जोराने तिला धरून ठेवत असले पाहिजे. म्हणजे ही एक तरफच झाली. तिची एक भुजा तुळईच्या लांबीची, दुसरी तिच्या उंचीच्या निम्मी. आर्किमिडीजचा समतोलाचा नियम त्याने अशा रीतीने लाकडाच्या पोटात नेला. आजचा अभियंता तुळई मनातल्या मनात कापतो आणि त्या छेदावरील बेंडिंग मोमेंट काढतो, ती रीत याच वाटेवरची.

यातून जे निष्पन्न झाले ते व्यवहारातही पटणारे आहे. बारा इंच रुंद आणि चार इंच जाड फळी आडवी बसवण्याऐवजी उभ्या कडेवर बसवली तर ती तिप्पट भार सोसते. जहाजाचे कोडेही येथेच सुटले. तुळईची सर्व मापे दुप्पट करा. वजन आठपट होते, ते दुप्पट लांब भुजेवर पडते, म्हणून वाकवणारा जोर सोळापट होतो. छेदाची प्रतिकारशक्ती मात्र आठपटच वाढते. म्हणूनच राक्षसाची हाडे माणसाच्या हाडांसारखीच प्रमाणबद्ध असून चालणार नाही, ती बेढब जाड असावी लागतील, असे त्याने दाखवले.

त्याचे उत्तर पूर्णपणे बरोबर होते का? नव्हते. छेदाची खालची कड हाच टेकू आणि सारे लाकूड सारख्याच ताणाने ओढले जाते, असे त्याने धरले. प्रत्यक्षात अशा तुळईचा वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मधल्या थरावर ताणही नसतो, दाबही नसतो. त्यामुळे त्याच्या हिशेबाने तुळई तिप्पट बळकट ठरत होती. मारिओत, पारां, कूलाँ यांनी एकेक पाऊल पुढे टाकले आणि 1826 मध्ये नाव्हिएच्या ग्रंथात हे गणित स्थिर झाले. मात्र रुंदी, उंची आणि लांबी यांची जी प्रमाणे गॅलिलिओने सांगितली, ती आजही अबाधित आहेत. उत्तरात चूक राहिली. प्रश्न मात्र त्याने अचूक विचारला होता.

त्याचे कोणतेही लेखन छापण्यास धर्मसत्तेची मनाई होती. त्यामुळे हस्तलिखित सरहद्दीपार गेले आणि 1638 मध्ये हॉलंडमधील लायडन येथे एल्झेव्हिर या प्रकाशकाने ते छापले. तोवर गॅलिलिओची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती. ज्या ग्रंथाने वस्तूंच्या आतले अदृश्य बल जगाला दाखवले, तो ग्रंथ त्याच्या कर्त्याला हातांनी चाचपूनच पाहावा लागला. अखेरच्या दिवसांत तरुण विव्हियानी आणि पुढे तोरिचेल्ली हे त्याच्या सोबतीला होते. 8 जानेवारी 1642 रोजी त्याचे निधन झाले. भव्य समाधीला परवानगी मिळाली नाही. सांता क्रोचे चर्चमधील मानाची जागा त्याच्या अस्थींना 1737 मध्ये लाभली.

धर्मन्यायालयापुढचा त्याचा पराभव आपण लक्षात ठेवतो, तो ठेवायलाच हवा. पण त्याची योग्यता केवळ त्या प्रसंगावरून ठरवू नये. बाहेरून भार पडला असता आत काय घडते आणि वस्तू कोठवर तग धरते, हा प्रश्न त्याने लाकडाला विचारला, आणि तो विचारताना त्याच्या स्वतःच्या मस्तकावरचा भार काही कमी नव्हता. भिंतीतून बाहेर आलेला एखादा सज्जा पुढे कधी दिसला, तर त्याला तोलून धरणाऱ्या तुळईकडे क्षणभर पाहावे. आर्चेत्रीच्या त्या नजरकैदेतील म्हाताऱ्याचे थोडे ऋण तेथेही आहे.