रसिकांचे ऋण फेडणारा नट : नारायणराव राजहंस तथा बालगंधर्व

थोरामोठ्यांची चरित्रे आपण वाचतो ती केवळ त्यांची स्तुती करण्यासाठी नव्हे. त्यांच्या अंगी कोणता गुण होता, त्या गुणाने त्यांना किती उंचीवर नेले आणि कोणत्या उणिवेने त्यांना खाली ओढले, हे पाहून आपल्या मुलाबाळांना मार्ग दाखवावा, हाच चरित्रवाचनाचा खरा हेतू होय. राजे, योद्धे आणि देशभक्त यांची चरित्रे आपण शाळेत शिकवितो. परंतु नटाचे चरित्र शिकवावे असे फारसे कोणास वाटत नाही. तथापि महाराष्ट्रात एक नट असा होऊन गेला, की ज्याच्या आयुष्यात कर्तव्य, ऋण, वैभव आणि विपत्ती यांचे सारे पाठ एकत्र सापडतात. ते नट म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. राजहंस घराण्याचे गाव सांगली जिल्ह्यातील नागठाणे. घरची स्थिती बेताची होती. पण मुलाचा गळा असामान्य गोड. लहानपणी त्यांचे काही दिवस जळगावी आप्तांकडे गेले व तेथे त्यांना गाण्याचे पहिले धडे मिळाले. पुण्यात या बालकाचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यास बालगंधर्व म्हणून संबोधिले आणि तेच नाव पुढे जन्मभर राहिले, असे सांगतात. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांचेही या मुलाकडे लक्ष गेले. नारायणास कानाचा विकार होता. त्यावर मिरजेस उपचार करविण्याची व्यवस्था महाराजांनी केली आणि महाराजांच्याच प्रोत्साहनाने तो किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला.

येथे त्या काळच्या रंगभूमीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. कुलीन स्त्रियांनी रंगभूमीवर येणे त्या वेळी समाजास मान्य नव्हते. म्हणून स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. भाऊराव कोल्हटकर हे या भूमिकांतील श्रेष्ठ गायक नट १९०१ साली निवर्तले आणि किर्लोस्कर मंडळीस उतरती कळा लागते की काय, अशी चिंता पडली. अशा समयी, १९०५ साली, सतरा वर्षांचे नारायणराव मिरजेस शकुंतलेच्या वेषात रंगभूमीवर उभे राहिले आणि मंडळीस नवे तेज चढले. पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांची तालीम त्यांना लाभली व उपजत गोडव्यास विद्येची जोड मिळाली.

त्यांच्या आयुष्यातील ज्या प्रसंगाचे स्मरण महाराष्ट्र आजही करतो, तो १२ मार्च १९११ रोजी घडला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईस व्हावयाचा होता. नारायणरावांकडे नायिका भामिनीची भूमिका होती. त्याच दिवशी त्यांची लहानगी कन्या निवर्तली. प्रयोग पुढे ढकलला असता तर कोणीही दोष दिला नसता. परंतु दूरदूरहून लोक आले आहेत, मंडळीने मोठा खर्च केला आहे, हे मनात आणून त्यांनी शोक गिळला, तोंडास रंग लावला आणि भामिनी उभी केली. प्रेक्षकांना आपल्या घरच्या दुःखाची झळ त्यांनी लागू दिली नाही.

या प्रसंगाकडे पाहताना आपण एक गोष्ट विसरतो. त्या रात्री घरी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या आणि त्या मातेच्या दुःखास कोणी टाळ्या दिल्या नाहीत. कर्तव्यनिष्ठेची किंमत बहुधा घरातील माणसेही भरतात. नारायणरावांचा गौरव करताना त्या माउलीसही वंदन केले पाहिजे.

१९१३ साली गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह नारायणरावांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. पुढील आठ-दहा वर्षे हा त्यांच्या वैभवाचा काळ होय. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले. त्यातील रुक्मिणीच्या पदांना भास्करबुवांनी दिलेल्या चालींमुळे शास्त्रीय रागदारी सामान्य मनुष्याच्या ओठी गेली. १९१९ साली राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आले. गडकरी त्यापूर्वी काही आठवडेच, म्हणजे २३ जानेवारी रोजी, निवर्तले होते. आदल्या भूमिकांत भरजरी शालू नेसणारे बालगंधर्व या नाटकात दारुड्या पतीची पत्नी सिंधू म्हणून ठिगळाच्या लुगड्यात आले, आणि प्रेक्षागृहातील पुरुषही डोळे पुसू लागले. सौंदर्यावर मिळविलेली कीर्ती केवळ वेषावर अवलंबून नव्हती, हे त्या भूमिकेने सिद्ध केले.

घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळू लागल्या, हे त्या पिढीतील अनेकांनी नमूद केले आहे. पुरुषाने रंगविलेली स्त्री पाहून स्त्रियांनी आपला वेष ठरवावा, ही गोष्ट जगाच्या रंगभूमीवरही विरळाच म्हणावी लागेल.

परंतु नारायणरावांना हिशेब ठाऊक नव्हता. रंगभूमीवर खोटे काही दाखवावयाचे नाही, हा त्यांचा बाणा. गालिचे उंची, दागिने मोलाचे, शालू अस्सल, अत्तर भारी. तबल्याला अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष यांच्यासारखे थोर कलावंत. मंडळीतील लहानमोठ्या सर्वांची पंगत एकत्र आणि पानात पक्वान्न. १९२० च्या ‘द्रौपदी’ नाटकावर त्यांनी अमाप पैसा खर्च केला. भागीदार एकेक करून दूर झाले आणि १९२१ च्या सुमारास मंडळी कर्जाच्या गर्तेत सापडली.

त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झाले. ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले हे त्यांचे तुल्यबळ प्रतिस्पर्धी. टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे एका रंगमंचावर आले. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. ज्याच्या दारात सावकार उभे आहेत, असा मनुष्य देशकार्यासाठी विनामोबदला उभा राहिला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. दुर्दैव असे, की त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव ऐन तारुण्यात निवर्तले.

कर्जाच्या बाबतीत नारायणरावांचे वर्तन आपल्या तरुणांनी मुद्दाम अभ्यासावे. चाहत्यांच्या वर्गणीतून कर्ज फेडण्याची कल्पना त्यांना रुचली नाही. रसिकांकडून घ्यावयाचे ते तिकिटाचे मोल, आणि त्या बदल्यात द्यावयाचे ते गाणे, एवढाच व्यवहार त्यांना मान्य होता. गावोगाव प्रयोग करून सुमारे सात वर्षांत त्यांनी ते कर्ज फेडले. हात वर करून मोकळे होण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. तथापि कर्ज फिटले तरी स्वभाव पालटला नाही. जमाखर्च पूर्वीसारखाच दुसऱ्यांच्या हाती राहिला.

इतक्यात काळ बदलला. १९३१ साली हिंदुस्थानात बोलपट सुरू झाला. पुढल्याच वर्षी प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट निघाला. त्यात हरिश्चंद्र झाले होते नारायणरावांचे जुने भागीदार गोविंदराव टेंबे, आणि तारामती झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे. १९३३ साली रंगभूमीवर ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आले व त्यात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली. चार आण्यांत बोलपट पाहावयास मिळू लागल्यावर रात्रभर चालणाऱ्या नाटकास गर्दी कोठून होणार? १९३४ च्या सुमारास गंधर्व मंडळीचा कारभार थांबला.

अशा स्थितीत नारायणरावांनी प्रभातशी करार केला आणि १९३५ साली व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला ‘धर्मात्मा’ हा चित्रपट प्रकाशित झाला. ही कथा आपल्या बीड जिल्ह्यातील वाचकांस विशेष जिव्हाळ्याची वाटावी. कारण ती पैठणच्या एकनाथ महाराजांची आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी तीच, नाथांच्या पैठणची. आपल्या अंबाजोगाईचे दासोपंत हे नाथांचे समकालीन. श्राद्धाचे अन्न अस्पृश्यांना वाढणारे आणि त्यांच्या घरी जेवावयास जाणारे नाथ या चित्रपटात दाखविले होते. प्रथम चित्रपटाचे नाव ‘महात्मा’ असे होते. परंतु त्यात गांधीजींचा संदर्भ दिसून येतो म्हणून मुंबईच्या सेन्सॉरने हरकत घेतली व नाव बदलावे लागले. तीस वर्षे स्त्रीवेष धारण करणारे नारायणराव येथे प्रथमच, सत्तेचाळीसाव्या वर्षी, पुरुषाच्या भूमिकेत, तेही संताच्या, पडद्यावर आले. मास्तर कृष्णराव यांचे संगीत होते.

जातिभेदाचा निषेध करणाऱ्या या भूमिकेसाठी नारायणरावांहून योग्य नट मिळणे कठीण होते. त्यांच्या मंडळीत ब्राह्मण, मराठा, मुसलमान सारे एका सुरात बांधलेले असत. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेतही ही गोष्ट आवर्जून लिहिली पाहिजे. आपल्या लोकांची उन्नती आपण साधावी, हे योग्यच. परंतु नाथांच्या पंगतीचा विसर पडता कामा नये.

चित्रपटाच्या धंद्यात मात्र नारायणरावांचे मन रमले नाही. रंगभूमीवर समोर रसिक असत. त्यांची दाद मिळाली, की एकच पद पुन्हा पुन्हा नव्या रीतीने रंगवावे. चित्रपटगृहाच्या पडद्यासाठी काम करताना समोर यंत्र, भोवती शांतता, गाणे तीन-चार मिनिटांत आटोपावयाचे आणि प्रसंग तुकड्या-तुकड्यांनी चित्रित व्हावयाचे. आणखी चित्रपट काढण्याचे ठरले असताही एकावरच हा संबंध संपला. १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ या चित्रपटात त्यांनी स्वतः मीरेची भूमिका केली. परंतु एकोणपन्नास वर्षांच्या पुरुषाचा स्त्रीवेष रंगभूमीच्या दिव्यांत जसा शोभे, तसा कॅमेऱ्याच्या जवळून शोभणे शक्य नव्हते. नारायणराव आपल्या नाटकाकडे परतले.

पुढे मंडळीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. त्या स्वतः उत्तम गायिका. प्रसिद्ध पार्श्वगायिका अमीरबाई या त्यांच्या भगिनी. लक्ष्मीबाई निवर्तल्यानंतर, १९५१ साली, नारायणरावांनी गोहरबाईंशी विवाह केला. यावरून समाजात पुष्कळ टीका झाली. अनेक चाहते दुरावले. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढे मात्र खरे, की पायांनी दगा दिला, हिंडणे-फिरणे थांबले, पैसा आणि गर्दी दोन्ही ओसरली, त्या दिवसांत गोहरबाई त्यांच्याजवळ राहिल्या. १९६४ साली त्यांचे निधन झाले आणि नारायणराव एकाकी झाले.

शासनाने त्यांचा सन्मान केला. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण. परंतु हे सन्मान आले तेव्हा लाखो रुपयांची उलाढाल केलेला हा मनुष्य विपन्नावस्थेत होता. पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभारण्याचे ठरले, तेव्हा १९६२ साली त्याची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसविण्यात आली. इमारत पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन झाले. २०११ साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट निघाला, तेव्हा त्यांना प्रत्यक्ष न पाहिलेली पिढीही त्यांची पदे गुणगुणू लागली.

या चरित्रापासून आपण काय घ्यावे? नारायणरावांनी आपले देणे कधी नाकारले नाही. रसिकांचे देणे त्यांनी कन्येच्या मृत्यूच्या दिवशीही दिले. सावकारांचे देणे घाम गाळून दिले. देशाचे देणे स्वतःच्या अडचणीत दिले. परंतु स्वतःच्या म्हातारपणाचे आणि आपल्या माणसांचे देणे त्यांच्या हिशेबात कधी आलेच नाही. आमच्या तरुणांनी त्यांची निष्ठा घ्यावी आणि त्याबरोबर एक जमाखर्चाची वहीही ठेवावी. आणि समाजाने एवढे लक्षात ठेवावे, की कलावंत जिवंत असतानाच त्याच्या घरी धान्य आहे की नाही हे विचारावे. त्याच्या नावाची इमारत पुढे केव्हाही बांधता येते.

रसिकांस मायबाप मानणाऱ्या या थोर कलावंताच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन असो.