लक्ष्मीबाई टिळक : दुरावा आणि पुनर्मीलन

नाशिकजवळील जलालपूर येथे १८६८ साली गोखले घराण्यात जन्मलेल्या लक्ष्मीबाईंचा विवाह बालवयातच नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि हा संसार दुभंगला. पुढील काही वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह आप्तांच्या आश्रयाने राहिल्या.

पतीमागोमाग पत्नीने धर्म बदलला, असा या पुनर्मीलनाचा अर्थ वरवर पाहता वाटतो. घटनाक्रम मात्र निराळा आहे. लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या त्या हिंदू म्हणूनच. आपले सोवळेओवळे त्यांनी जपले आणि टिळकांनीही त्यास मोडता घातला नाही. पुढे राहुरीच्या वास्तव्यात जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, अशी त्यांची स्वतःचीच खात्री पटली. प्रथम विटाळाची कल्पना गळून पडली आणि त्यानंतर १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा स्वीकारला. सहजीवन आधी, धर्मांतर मागाहून, हा क्रम त्यांच्या स्वतंत्र निर्णयशक्तीची साक्ष देतो.

टिळक १९१९ मध्ये निवर्तले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपूर्ण होते. शालेय शिक्षणाचा लाभ न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते सिद्धीस नेले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला, १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. पतीचा विक्षिप्तपणा आणि दुराव्याचे दुःख त्यांनी तेथे कटुतेविना नोंदविले. कादंबरी बहुधा पुनर्मीलनापाशी थांबते. लक्ष्मीबाईंचे वाङ्मयीन कर्तृत्व तेथून पुढे बहरले.