क्लच दाबला की लिफ्टही बंद: हॅरी फर्ग्युसन यांचा ट्रॅक्टर

गावात 'मॅसी' म्हणतात त्या ट्रॅक्टरच्या नावातले फर्ग्युसन म्हणजे आयर्लंडच्या शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८८४. शेतीत मन रमेना, म्हणून ते भावाच्या गॅरेजात गेले. १९०९ मध्ये तर स्वतः बनवलेलं विमान उडवलं.

त्या काळी नांगर दगडात अडकला की ट्रॅक्टर पुढून उचलायचा, चालकावर उलटायचा. माणसं मरायची. यावर त्यांनी तीन टोकांची जोडणी आणि हायड्रॉलिक लिफ्ट बसवली. १९४६ च्या टीई-२० ला पुढचे चार गिअर होते. सेल्फ गिअरच्या दांड्यातच, त्यामुळे गिअरमध्ये असताना इंजिन सुरूच होत नसे. डोकं बघा!

पण क्लच दाबला की चाकं, पीटीओ, लिफ्ट सगळंच थांबायचं. म्हणून गिअर आधीच ठरवून तास धरायचा. पुढे '३५' मॉडेलला दुहेरी क्लच आला. अर्धा पेडल दाबला की चाकं थांबतात, पीटीओ फिरत राहतो.

फर्ग्युसन १९६० मध्ये गेले. चालत्या ट्रॅक्टरवर क्लच न दाबता वेग बदलणारी मल्टी-पॉवर १९६२ ला आली. तिच्यातही खोट होतीच. 'लो'मध्ये उतारावर इंजिन ट्रॅक्टरला रोखत नसे, ट्रॉली मागून ढकलायची. उतारापूर्वी 'हाय'मध्ये टाकावं लागे.