महात्मा फुले : मध्येच शाळा सुटलेला विद्यार्थी

जोतीराव फुले म्हटलं की आपल्याला भिडेवाडा आणि सावित्रीबाई आठवतात. पण मुलींसाठी शाळा काढणाऱ्या या माणसाची स्वतःची शाळा लहानपणी मध्येच सुटली होती.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. आई चिमणाबाई वर्षाच्या आतच वारली. मावसबहीण सगुणाबाईंनी त्यांना वाढवलं. वडील गोविंदराव यांचा पुण्यात फुलांचा व्यवसाय. मुलाला त्यांनी शाळेत घातलं, थोडं लिहिणं-वाचणं झालं, पण माळ्याच्या पोराला शिकून काय करायचंय, असं लोकांनी कानावर घातलं. झालं! पोरगा शाळेतून थेट मळ्यात. १३ व्या वर्षी लग्नही झालं.

शेजारी गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब राहायचे. या मुलाची हुशारी वाया जातेय, हे त्यांना दिसत होतं. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. वय १४, मध्ये काही वर्षांचा खंड आणि समोर नवी भाषा. आजही आठवीतला मुलगा चार महिने शाळेत आला नाही, तर इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसतो. इथे तर घरात इंग्रजीचा गंधही नव्हता. तरी १८४७ पर्यंत त्यांनी तिथलं शिक्षण पूर्ण केलं. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखा जन्मभराचा मित्रही त्यांना शाळेच्या दिवसांतच मिळाला.

इंग्रजी आली म्हणून जोतीराव सरकारी नोकरीच्या मागे लागले नाहीत. १८४७ मध्ये त्यांनी थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं. दुसऱ्याच वर्षी एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जातीवरून त्यांचा अपमान झाला. पुस्तकात समता वाचायची आणि रस्त्यावर हे ऐकून घ्यायचं! त्याच १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंना त्यांनी स्वतः शिकवलं होतं.

पुढे १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ मराठीत लिहिला, तरी त्याला एक प्रस्तावना इंग्रजीत जोडली. अर्पण केला तो अमेरिकेत गुलामी संपवण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. इंग्रजीचा त्यांनी सगळ्यात नेमका उपयोग केला तो, मला वाटतं, १८८२ मध्ये. शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला त्यांनी इंग्रजीत निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो, पण खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे साहेबाला त्याच्याच भाषेत सुनावलं. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले, तेव्हा ती मागणी कागदावरच होती.