तुरुंगातल्या मित्राला न विसरलेला व्यापारी

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये फरशीत एक पितळी पाटी बसवलेली आहे. १५३५ साली संत थॉमस मोर यांच्यावर तेथे खटला चालला, त्याची ती आठवण. मोर यांच्या त्या कठीण दिवसांत त्यांना न विसरलेले एक मित्र होते. ते म्हणजे व्यापारी अंतोनियो बोनव्हिसी.

बोनव्हिसी घराणे मूळचे इटलीतील लुका शहराचे. लोकर, रेशीम, जडजवाहीर यांचा व्यापार आणि जोडीला सावकारी. अंतोनियो यांनी लंडनमध्ये जम बसवला. राजा आठवा हेन्री त्यांचा गिऱ्हाईक होता आणि कर्जदारही. १५२४ साली त्यांनी क्रॉस्बी प्लेस हा प्रशस्त वाडा मोर यांच्याकडून घेतला. दोघांचा स्नेह जवळपास चाळीस वर्षांचा.

पुढे हेन्रीने पोपमहोदयांचा अधिकार झुगारला. त्याने मागितलेली शपथ मोर आणि बिशप जॉन फिशर यांनी नाकारली. १५३४ साली दोघांची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. राजाच्या रोषाला भिऊन अनेकांनी पाठ फिरवली. बोनव्हिसींचा तर सारा व्यापार राजाच्या मर्जीवर अवलंबून. तरीही ते दोघांना अन्न आणि द्राक्षारस पाठवत राहिले. त्यांनी मोर यांना एक रेशमी अंगरखाही दिला.

मृत्यूपूर्वी मोर यांनी कोळशाने लिहून त्यांचे आभार मानले. आपण या घरी पाहुणे नव्हतो, घरचेच होतो, असा त्या पत्राचा भाव आहे. ६ जुलै १५३५ रोजी मोर तोच अंगरखा घालून वधस्तंभाकडे निघणार होते. तो मारेकऱ्याच्या हाती जाईल, असे तुरुंगाधिकाऱ्याने समजावल्यावर त्यांनी तो उतरवला.

राजा सहावा एडवर्ड याच्या काळात, १५४९ साली, श्रद्धेपायी बोनव्हिसींनाही देश सोडावा लागला. वाडा जप्त झाला. ७ डिसेंबर १५५८ रोजी बेल्जियममधील लूव्हेन येथे त्यांचे निधन झाले. क्रॉस्बी प्लेसचे सभागृह १९१० साली चेल्सी येथे हलवण्यात आले. ज्या जागी ते आज उभे आहे, ती एकेकाळी मोर यांच्याच मालकीची होती.

बंधुभगिनींनो, रक्तसाक्षी होण्याचे पाचारण सर्वांनाच नसते. पण तुरुंगातल्या, आजारी, बदनाम झालेल्या माणसाच्या दारी डबा घेऊन जाणे आपल्याला जमण्यासारखे आहे. अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू आपल्याला हेच विचारणार आहे.